पापेटा शेर एक, ईंडां आठ

(वहीचं पान, अगदी जवळून. एक बोट ओळीवरून सरकतंय.)

हे पान बघा. शाई तपकिरी पडलीय, कडा झिजल्यात. मधोमध तुपाचा डाग आहे, आणि त्या डागातून मागच्या पानावरची अक्षरं उलटी दिसतायत. लिपी गुजराती आहे, भाषा पारशी घरांत बोलतात ती. ओळ एवढीच : 'पापेटा शेर एक, ईंडां आठ.' म्हणजे बटाटे एक शेर, अंडी आठ. पुढे कांदा, आलं, मिरची, मीठ. किती, ते लिहिलेलं नाही. किती वेळ शिजवायचं, तेही नाही.

आपण दादर पारशी कॉलनीतल्या एका स्वयंपाकघरात आहोत. वही या घरातल्या आंटींच्या आजीची. आंटी आज ८४ वर्षांच्या आहेत. वहीशेजारी दिसतंय ते मेहेरबाई जमशेदजी वाडिया यांचं 'विविध वाणी'. पारशी घरांतल्या जुन्या सुनांना माहेरून मिळालेलं, दोन जाडजूड भागांचं गुजराती पुस्तक. १९३०च्या दशकात मुंबईतल्या टाइम अँड टॅलेंट्स क्लबच्या बायकांनी इंग्रजीत पाककृतींचं पुस्तक काढलं, तेही या फळीवर असायचं. पण घरात रोज उघडली जायची ती ही वहीच.

(जाळीच्या टोपलीत अंडी. खिडकीतून येणारं ऊन.)

पर म्हणजे वर. ईंडु म्हणजे अंडं. खाली काहीतरी शिजवायचं आणि त्याच्यावर अंडं फोडायचं, की झालं 'पर ईंडु'. खाली काय, याला पारशी स्वयंपाकात बंधन नाही. भेंडी असेल, टोमॅटो असेल, मेथी, खिमा, बटाट्याच्या तळलेल्या काड्या म्हणजे सळी, नुसती घट्ट साय, अगदी पिकलेली केळीसुद्धा. आपल्याकडे अंडं घरात आलं की त्याचं आम्लेट होतं, बुर्जी होते, नाहीतर उकडून रश्शात जातं. या वहीत अंड्याची बावीस पानं आहेत. ही पानं नुसती जपून ठेवायची नाहीत, त्यातलं शिजवून खायचं, एवढ्यासाठी आम्ही कॅमेरा घेऊन इथे आलो.

(पहिला दिवस. कढईत बटाट्यांचा ढीग.)

पहिल्या दिवशी आम्ही चुकलो. शेर म्हणजे किलोला थोडा कमी, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे ९३३ ग्रॅम. तेवढे बटाटे मोजून घेतले, चिरले, परतले, वर आठ अंडी फोडली. बघा काय झालं ते. अंडी बटाट्यांच्या फटींतून खाली गेली आणि दिसेनाशी झाली. ताटात आली ती बटाट्याची भाजी, मधे मधे पांढरे गोळे. आंटींनी एक घास घेतला आणि ताट बाजूला सरकवलं. "हे आजीचं नाही," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून एक डबा काढायला लावला. आत जुन्या बटणांबरोबर, बिनकामाच्या किल्ल्यांबरोबर हे होतं.

(पितळी वजन तळहातावर. मग ते इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं जातं.)

काट्यावरचा आकडा वाचा. ३१८.

आजींच्या घरातला शेर हा होता. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा. त्याचे भाग ४०, प्रत्येक भाग एक शेर. हिशेब करा : पौंडाचे सात दशांश, म्हणजे ३१७ ग्रॅमच्या आसपास. बंगालमध्ये शेर वेगळा, मुंबईत वेगळा, आणि गावोगावच्या बाजारात पुन्हा निराळा. कच्चा शेर आणि पक्का शेर हे शब्द आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी होते ते याचमुळे. १९५६चा मेट्रिक मापांचा कायदा आला, टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम रुळले, आणि जुने शेर माळ्यावर गेले. वहीतला शब्द तोच राहिला. त्याच्यामागचं वजन मात्र पुसलं गेलं. जुन्या पुस्तकातला पदार्थ 'जमला नाही' असं म्हणून आपण सोडून देतो, तेव्हा पुष्कळदा चूक पदार्थाची नसते, मापाची असते.

आता अंडी. काट्यावर डावीकडचं गावठी अंडं आहे, ४० ग्रॅम. उजवीकडचं कोपऱ्यावरच्या दुकानातलं, ५५ ग्रॅम. आजींच्या वेळी पोल्ट्रीची अंडी नव्हती, त्यांची आठ अंडी ही अशी लहान. आठ चाळीसं तीनशेवीस.

बटाटे ३१८, अंडी ३२०.

म्हणजे पापेटा पर ईंडुत बटाटा आणि अंडं समसमान आहेत. बटाटा हा पाट, अंडं पाटावर बसणारं. हे त्या एका ओळीत लिहिलेलं होतं, आपल्याला वाचता येत नव्हतं. आंटींनी तिथेच शिसपेन्सिल मागवली आणि आजीच्या अक्षरांखाली बारीक लिहिलं : ग्राम ३१८, दुकाननां ईंडां छ. दुकानातली अंडी सहा.

(चुलीचा आवाज. तूप तापतंय.)

आता नीट बघा. बटाट्याच्या पातळ चकत्या, नखाएवढ्या जाड. पसरट लंगडी घेतलीय, खोल पातेलं चालत नाही. आधी कांदा गुलाबी होईपर्यंत, मग आलं, हिरवी मिरची, मग चकत्या. पाण्याचा हबका मारायचा आणि झाकायचं. बटाटा मोडायला नको, पण सुरी बिनबोभाट आत गेली पाहिजे. मग पळीच्या पाठीने सगळं सपाट करायचं आणि त्याच पाठीने खळगे पाडायचे. एकेका खळग्यात एकेक अंडं. दुकानातली घेतलीत म्हणून सहा.

आता हे झाकण. त्यावर आंटी वाटीभर पाणी ओततायत. आपल्याकडे पालेभाजीवर ताटात पाणी ठेवतात, तीच युक्ती. वरून गारवा मिळाला की आतली वाफ झाकणाला लागून परत थेंबाथेंबाने अंड्यावर उतरते. आच मंद. चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला बलक घट्ट होईल, म्हणून चारच.

(झाकण उघडतं. निवेदन थांबतं. दहा सेकंद.)

पिवळ्यावर ही पांढरी झिरझिरीत साय आली, म्हणजे उतरवायचं.

(वसईची केळी, लांबट, जाड सालीची.)

तिसऱ्या दिवशी केळा पर ईंडु. वहीत फक्त 'पाकेलां केळां' एवढंच आहे, जात लिहिलेली नाही. वेलचीचं केळं तुपात टाकताच विरघळलं. म्हणून आम्ही राजेळी घेतली, ज्यांची वसईकडे सुकेळी करतात ती. या केळ्यात पिकल्यावरही दम राहतो. तिरक्या चकत्या, साजूक तुपात दोन्ही बाजूंनी सोनेरी. कडेला साखर जळून तपकिरी किनार येते, ती येऊ द्यायची. वर चिमूटभर मीठ, बारीक हिरवी मिरची, मग अंडी. गोड, खारट, तिखट आणि मधे वाहणारा बलक. हा पदार्थ ऐकून कुणी नाक मुरडलं, तर त्याला ही चकती तव्यावरून गरम उचलून द्या. आमच्या कॅमेरामनने तीन वेळा घेतली.

ईंडा पाकही वहीत आहे. अंडी, तूप, साखर, बदाम, चारोळ्या घालून तासन्‌तास घोटायचा, थंडीत सकाळी एक तुकडा खायचा असा पाक. तो आम्ही केला नाही. एवढा वेळ घोटायला आणि खायला भरलेली घरं लागतात. २०११च्या जनगणनेत देशात पारशी होते ५७,२६४, आणि या मजल्यावर आज तीन घरं बंद आहेत.

(शेवटचं पान. अक्षर आता थरथरतं दिसतंय.)

शेवटच्या पानावर अकूरी, म्हणजे पारशी पद्धतीची मऊ बुर्जी. अंडी सहा, दूध चार चमचे, आणि पुढे : 'कोथमीर पैसा एकनी.' पैशाची कोथिंबीर. हा १९५७च्या आधीचा पैसा, रुपयाचा चौसष्टावा भाग. शेराचं वजन माळ्यावर सापडलं. पैशाच्या कोथिंबिरीचं वजन कुठल्या डब्यात मिळणार?

आम्ही आंटींना विचारलं. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली.

(दोन्ही हातांची ओंजळ, थोडी उघडी. जवळून.)

"एवढी यायची. पैसा घेऊन मलाच धाडायचे."

मंडईतून आणलेल्या जुडीतून तेवढी ओंजळ भरली. ती चिरली गेली, कढईतल्या मऊ, अजून ओलसर अंड्यांवर पडली, आणि आंटींनी लगेच गॅस बंद केला.

(कढई. वाफ. पावावर अकूरी वाढली जाते.)