समाज बदलतोय, सोशल वर्करचं लायसन कुठंय?

वकिलाला सनद लागते, नर्सला रजिस्ट्रेशन लागतं, मेडिकलच्या दुकानात फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असतं. पण घरात अत्याचार झालेल्या मुलीशी तासभर बसून बोलणारी, तिला कोर्टात घेऊन जाणारी जी सोशल वर्कर असते ना, तिच्यासाठी असं देशभर चालणारं एक लायसन आजही नाहीये. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स डिग्री, केलेली असो नसो, उद्या कोणीही नावापुढे समाजसेवक लावलं तर कायदा त्याला अडवत नाही.

आणि हे शिक्षण आपल्याकडे नवीन आहे असंही नाही. 1936 मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, पहिले डायरेक्टर क्लिफर्ड मॅन्शार्ट, हे अमेरिकन मिशनरी नागपाड्याच्या कामगार वस्तीत नेबरहुड हाऊस चालवायचे आणि तिथूनच या शाळेची कल्पना पुढे आली. तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. 1946 मध्ये जे. जे. हॉस्पिटलला मेडिकल सोशल वर्करची पोस्ट आली, देशातली पहिली. म्हणजे शाळा आली, डिग्री आली, नोकरी आली, फक्त लायसन तेवढं आलं नाही.

प्रश्न मात्र येत राहिले. हुंड्यासाठी सुनांना जाळायच्या बातम्या रोज येत होत्या तो काळ आठवा, 1984 मध्ये मुंबई पोलीस कमिशनर ऑफिसमध्ये टिसने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला, पोलिसांच्याच आवारात ट्रेन्ड सोशल वर्कर बसायला लागल्या. ही फार मोठी गोष्ट होती, कारण मार खाऊन आलेली बाई तक्रार लिहायच्या आधी कोणाशी तरी नीट बोलू शकत होती. पुढे 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला, 2012 ला मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो आला, आणि दर वेळी प्रश्न पेटला की त्या त्या कायद्याने किंवा नियमांनी आपापली पात्रता ठरवली, कुठे डिग्री, कुठे अनुभव, कुठे दोन्हीतलं काहीही.

याचं एक उदाहरण बघा, मला ते खरंच खटकतं. 2015 चा बाल न्याय कायदा. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांचं काय करायचं हे ठरवणाऱ्या मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सोशल वर्कर, त्यातली किमान एक बाई. छान आहे. पण या सोशल वर्करची पात्रता काय? मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामात किमान सात वर्षं, नाहीतर बाल मानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र किंवा कायदा यातली डिग्री असलेली प्रॅक्टिस करणारी व्यक्ती. या यादीत समाजकार्याची डिग्रीच नाही! दोन वर्षं फिल्डवर्क करून, केस रेकॉर्ड लिहून लिहून जी मुलगी एमएसडब्ल्यू होते, तिची डिग्री सोशल वर्करच्याच खुर्चीसाठी मोजली जात नाही.

मानसिक आरोग्याचं उलटं झालं. 2017 च्या कायद्याने सायकियाट्रिक सोशल वर्करची, म्हणजे मानसिक आजाराच्या पेशंटसोबत काम करणाऱ्या सोशल वर्करची, व्याख्या अगदी कडक केली, एमएसडब्ल्यू वर दोन वर्षांचं फुलटाइम एमफिल, सुपरवाइज्ड क्लिनिकल ट्रेनिंगसकट. याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न बघता तणावात असलेला माणूस म्हणून बघायला सांगितलं, म्हणजे अशा लोकांची गरज वाढणार हे उघड होतं. आणि मग 2022 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एमफिल ही डिग्रीच बंद केली. एका कायद्यात कंपल्सरी, दुसऱ्या नियमात बंद! शेवटी या कोर्सला 2025-26 पर्यंत मुदतवाढ द्यावी लागली. विदर्भ मराठवाड्यात शेतकऱ्याच्या घरी समुपदेशनाला माणूस हवाय आणि तो तयार करणारा कोर्स मुदतवाढीवर चालवावा लागला, याची काळजी वाटायला नको का.

त्यातल्या त्यात मोठं पाऊल म्हणजे 2021 चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यसेवेतल्या इतर प्रोफेशनल लोकांचा कायदा. याच्या यादीत मेडिकल, सायकियाट्रिक आणि क्लिनिकल सोशल वर्कर आहेत, एचआयव्ही काउन्सेलर पण आहेत, आणि राज्याच्या कौन्सिलकडे रजिस्ट्रेशनची तरतूद आहे. सरकारी हॉस्पिटलमधले समाजसेवा अधीक्षक, म्हणजे मेडिकल सोशल वर्करच, तुम्ही पाहिले असतील, टेबलावर केशरी पिवळ्या रेशनकार्डांच्या झेरॉक्स, समोर रडवेला नातेवाईक, एका हाताने जनआरोग्य योजनेचा फॉर्म आणि दुसरीकडे फोनवर धर्मादाय हॉस्पिटलमध्ये गरिबाच्या कोट्यातली खाट आहे का ही चौकशी, तेवढ्यात वॉर्डातून निरोप की बेवारस पेशंट शुद्धीवर आलाय, नाव विचारून बघा. या माणसाला कायद्याने प्रोफेशनल म्हटलं, याचा मनापासून आनंद आहे.

पण हा दरवाजा हॉस्पिटलचा आहे. वस्तीत, बालगृहात, ऊसतोड कामगारांच्या फडावर, पोलिसांच्या कक्षात काम करणारी सोशल वर्कर यात कुठे बसते? तिच्यासाठी वेगळी राष्ट्रीय कौन्सिल हवी ही मागणी या क्षेत्रातले लोक कित्येक वर्षं करतायत आणि मला ती पूर्ण पटते, फक्त एक अट घालून. डिग्री नसलेल्या पण आयुष्य वस्तीत घालवलेल्या ताईंना अनुभवावर आत यायचा रस्ता हवा, नाहीतर लायसन आलं त्या दिवशी आपण सगळ्यात जाणत्या माणसांना बाहेर काढू.

आणि परीक्षा ठेवणार असाल तर अमेरिकेकडे एकदा बघा. तिथे जवळपास सगळीकडे लायसन परीक्षेवर मिळतं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने 2022 मध्ये स्वतःच आकडे दिले, 2018 ते 2021 मध्ये क्लिनिकल परीक्षा पहिल्या फटक्यात पास होणारे गोरे उमेदवार साधारण 84 टक्के आणि काळे उमेदवार 45 टक्के. तिथल्या गरीब वस्त्यांना ज्यांची सगळ्यात जास्त गरज तेच गेटवर अडकले. इलिनॉय राज्याने तर त्याआधीच मास्टर्सच्या लायसनसाठी परीक्षेची अट काढून टाकली होती. आपल्याकडे उद्या असा पेपर निघाला आणि तो फक्त इंग्रजीत निघाला तर गडचिरोलीची, गोंडीत केस घेणारी, मराठीत रिपोर्ट लिहिणारी मुलगी बाहेर राहील. त्यामुळे पेपर मराठीतून हवा, आणि फिल्डवर्कच्या तासांना त्यात निम्मे तरी मार्क हवेत, हे कौन्सिलचे नियम बनतानाच मागायला हवं.