अँटेना जिथे, राउटर तिथे

श्रोतेहो,

घराच्या एका टोकाला वाय-फाय नीट पोहोचत नाही हे लक्षात आले, की बहुतेकांच्या मनात पहिला उपाय येतो तो राउटरला मोठा अँटेना लावण्याचा. उपाय योग्यच आहे आणि नीट केला तर त्याचे फळ लगेच दिसते. मात्र बहुतेक वेळा राउटर आहे तिथेच ठेवला जातो आणि लांबलचक केबलने अँटेना दूर नेऊन टांगला जातो. अशा वेळी अँटेनाने जे कमावले ते सगळे केबल वाटेतच गिळून टाकते. म्हणून माझे आजचे म्हणणे असे आहे, की अँटेना जिथे हवा तिथे राउटरच न्यावा आणि दोघांमधली केबल हातभर लांबीचीच ठेवावी. यामागचे कारण कळण्यासाठी अँटेना नेमके काय करतो, हे आधी पाहू.

अँटेना स्वतः कोणतीही शक्ती निर्माण करत नाही. राउटरमधला रेडिओ जेवढी ऊर्जा देतो तेवढीच तो बाहेर सोडतो, फक्त ती कोणत्या दिशेला किती जाईल हे ठरवतो. हातातल्या बॅटरीच्या बल्बमागे आरसा बसवला की मागे आणि बाजूला जाणारा उजेड पुढे एकवटतो; अँटेनाचा ‘गेन’ नेमका असाच मिळतो. हा गेन ‘डीबीआय’ या डेसिबलच्या एककात सांगतात. सगळ्या दिशांना सारखीच ऊर्जा सोडणारा एक काल्पनिक अँटेना शून्य धरून त्याच्या तुलनेत हे माप घेतले जाते, आणि साध्या अर्धतरंग डायपोलचा गेन या हिशेबाने २.१५ डीबीआय येतो. राउटरसोबत मिळणाऱ्या काडीसारख्या अँटेनांचा गेनही बहुधा २ ते ५ डीबीआयच्या दरम्यान असतो. डेसिबलचा हिशेब गुणाकाराचा आहे, ही गोष्ट कायम ध्यानात ठेवावी लागते. ३ डेसिबल वाढले म्हणजे शक्ती दुप्पट, १० डेसिबल वाढले म्हणजे दहापट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की सिग्नल ६ डेसिबलने घटतो; म्हणून ६ डेसिबल जास्त गेन मिळाला तर मोकळ्यावर पल्ला दुप्पट होतो. घरात भिंती, लोखंड, पाण्याच्या टाक्या आणि माणसेही सिग्नल शोषत असल्यामुळे तेवढी वाढ मिळत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण अँटेनाची निवड तिच्यावर अवलंबून असते. अँटेनाचा गेन पाठवताना जितका उपयोगी पडतो, तितकाच ऐकतानाही पडतो. मोबाइलचा ट्रान्समीटर राउटरच्या मानाने दुबळा असतो आणि जोडणी तुटते ती पुष्कळदा मोबाइलचे म्हणणे राउटरपर्यंत न पोहोचल्यामुळे. अशा वेळी राउटरची पाठवण्याची शक्ती कितीही वाढवली तरी मोबाइलवर रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात, आणि पान मात्र उघडत नाही. चांगला अँटेना राउटरचे बोलणेही सुधारतो आणि कानही, म्हणून शक्ती वाढवण्याच्या खटपटीपेक्षा मी नेहमी अँटेनाच्याच बाजूने कौल देतो.

आता हा एकवटलेला सिग्नल जातो कुठे? उभ्या काडीचा अँटेना आपल्याभोवती आडव्या पातळीत सर्व बाजूंना सारखा सिग्नल पसरवतो आणि अगदी डोक्यावर व पायाखाली जवळजवळ काहीच सोडत नाही. त्याचा गेन वाढवायचा तर हा पसारा वरून-खालून दाबून चपटा करावा लागतो. म्हणून ९ डीबीआयचा उंच काडीचा अँटेना एकाच मजल्यावर लांबवर पोहोचतो, पण त्याच्या थेट वरच्या मजल्यावरची रेंज आधीपेक्षाही कमी होऊ शकते. दुमजली घरात अशी काडी लावून निराश झालेल्यांनी अँटेनाला दोष देऊ नये. दोष निवडीचा असतो. एकाच दिशेला सिग्नल न्यायचा असेल, समजा अंगणापलीकडच्या खोलीपर्यंत, तर भिंतीवर बसणारा चपटा पॅनेल अँटेना सर्वांत सोयीचा. त्याहून अरुंद झोत हवा असेल तर यागी-उदा अँटेना वापरतात. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या जपानी संशोधकांनी १९२६ च्या सुमारास जगापुढे ठेवलेली ही रचना जुन्या टीव्हीच्या अँटेनामुळे आपल्या ओळखीची आहे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या वारंवारतेला तरंगलांबी साधारण १२.५ सेंटिमीटर असल्याने वाय-फायच्या यागीचे दांडे जेमतेम ६ सेंटिमीटरचे असतात.

जोडणीची सुरुवात राउटरच्या मागच्या बाजूपासून करावी. अँटेना फिरवून निघतो का, हे आधी पाहावे. काही राउटरांचे अँटेना वळतात पण निघत नाहीत, कारण त्यांची तार आत सर्किटवर डाख देऊन पक्की केलेली असते. निघत असेल, तर तिथला कनेक्टर बहुधा ‘आरपी-एसएमए’ जातीचा असतो, आणि सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात. हा कनेक्टर उजेडात धरून जवळून पाहा. राउटरवरच्या तोंडाला बाहेरून आटे असतात आणि बरोबर मध्यभागी एक बारीक सोनेरी पिन उभी असते. अँटेनाच्या बुडाला आतून आटे असलेली फिरती नट असते आणि मध्यभागी त्या पिनेसाठी छिद्र असते. साध्या एसएमए कनेक्टरमध्ये आटे हेच, माप हेच, पण पिन आणि छिद्र यांच्या जागा उलट. या उलटापालटीमागे अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचा भाग १५ मधला नियम आहे: सामान्य ग्राहकाला कुठलाही अँटेना सहज लावता येऊ नये म्हणून उपकरणावर खास वेगळी जोडणी असावी, असे तो सांगतो. उत्पादकांनी पिनेची अदलाबदल करून तो नियम पाळला आणि पुढे तीच जोडणी जगभर रूढ झाली. सिम कार्डावर चालणाऱ्या राउटरांवर मोबाइल नेटवर्कच्या अँटेनासाठी मात्र बहुधा साधा एसएमए असतो. परिणामी एकाचा अँटेना दुसऱ्यावर बसवला की आटे छान बसतात, नट घट्ट होते, आणि आत एक तर छिद्रासमोर छिद्र येऊन संपर्कच होत नाही, नाहीतर पिनेवर पिन दाबली जाऊन दोन्ही मोडतात. नट फिरवण्याआधी दोन्ही तोंडे एकदा समोरासमोर धरून पाहिली की हे टळते. जोडणी राउटर बंद करून करावी, नट बोटांनी घट्ट करावी, पक्कड लावू नये, आणि फिरवताना नटच फिरवावी. केबल पिळू नये.

अँटेना राउटरच्या आत असेल तर काम अधिक नाजूक होते. पेटी उघडल्यावर सर्किटवर ‘यू.एफ.एल.’ नावाचा जेमतेम दोन मिलिमीटरचा गोल कनेक्टर दिसला, तर त्यावरून आरपी-एसएमएपर्यंत येणारी ‘पिगटेल’ ही छोटी केबल बसवता येते. ती अगदी सरळ वरून दाबावी, बारीक ‘टक’ जाणवली की बसली. काढतानाही सरळ वर उचलावी, तिरकी ओढू नये. हे कनेक्टर साधारण ३० वेळा काढ-घाल करण्यापुरतेच बनवलेले असतात, त्यामुळे ते सहज गंमत म्हणून उघडझाप करण्याची वस्तू नव्हेत. असा कनेक्टरच नसेल आणि अँटेना सर्किटच्या तांब्यातच कोरलेला असेल, तर तो राउटर सोडून द्यावा. वॉरंटी घालवून तिथे डाख देण्यापेक्षा निघणारे अँटेना असलेला दुसरा राउटर घेणे केव्हाही शहाणपणाचे.

आता केबलकडे येऊ. वाय-फायच्या वारंवारतेला मध्यभागी तार आणि भोवती धातूची जाळी असलेली कोअॅक्सिअल केबल ही गळकी वाट असते. आरजी-१७४ ही बारीक केबल २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे साधारण २ डेसिबल खाते, आरजी-५८ साधारण १ डेसिबल, आणि एलएमआर-४०० ही बोटाएवढी, सुमारे १० मिलिमीटर जाड केबल ०.२२ डेसिबल. वाय-फायच्याच ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हाच तोटा दीडपटीहून अधिक होतो. समजा, राउटर दिवाणखान्यात आहे आणि ९ डीबीआयचा अँटेना १० मीटर दूर गच्चीवर लावायचा आहे. आरजी-५८ वापरली तर १० डेसिबल केबलमध्येच गेले, म्हणजे दहातले नऊ भाग उष्णता होऊन संपले. अँटेनाच्या ९ मधून हे १० वजा केले की उरतो उणे १. राउटरसोबत आलेली २ डीबीआयची काडी तीच जागा गाठू शकली असती, तर या सगळ्या खटाटोपापेक्षा दुपटीने सरस ठरली असती! ऐकण्याच्या बाजूलाही हाच तोटा होतो, म्हणजे दुबळ्या मोबाइलचा आवाज आणखी क्षीण होतो. एलएमआर-४०० घेतली तर १० मीटरला २.२ डेसिबल आणि कनेक्टरांचे थोडेफार एवढेच जाते, पण ती महाग असते, चटकन वाकत नाही आणि तिचे वजन राउटरच्या इवल्याशा कनेक्टरला पेलत नाही, म्हणून शेवटी पुन्हा पिगटेल आलीच.

इथे टीव्हीच्या केबलचा प्रश्न हमखास निघतो, कारण ती घरात पडलेली असते. तिचा इम्पीडन्स, म्हणजे लहरींना होणारा केबलचा ठरावीक विरोध, ७५ ओहम आणि वाय-फायच्या केबलचा ५०. या बेमेळामुळे सांध्यावर परत फिरणारी शक्ती केवळ ४ टक्के असते, म्हणून नुसत्या या कारणासाठी तिला इतके बदनाम करण्याची गरज नाही. तिची खरी अडचण म्हणजे योग्य कनेक्टर मिळत नाहीत, आणि दोन-तीन जोडण्यांची साखळी करून बसवले की प्रत्येक सांधा आपला वाटा मागतो.

याउलट इथरनेटची साधी केबल १०० मीटरपर्यंत माहिती नेते आणि वाटेत एक अक्षरही हरवत नाही, कारण तिच्यातून रेडिओ लहरी जात नसून आकडे जातात. म्हणून दिवाणखान्यातला राउटर तिथेच राहू द्यावा, त्याच्यापासून इथरनेटची केबल हव्या त्या ठिकाणी न्यावी, आणि तिथे अँटेना जोडता येणारा दुसरा राउटर किंवा नुसते वाय-फाय पसरवणारा अॅक्सेस पॉइंट बसवावा. त्याला वीज त्याच केबलमधून देण्याची सोय ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ने होते. गच्चीवर वापरायच्या अॅक्सेस पॉइंटमध्ये रेडिओ आणि पॅनेल अँटेना पुष्कळदा एकाच पेटीत असतात आणि त्यांच्यामधली वाट काही सेंटिमीटरची असते. हा मार्ग दिसायला लांबचा वाटतो, पण खर्च आणि परिणाम दोन्ही तोलले तर मी बहुतेकांना तोच सुचवीन.

एकापेक्षा अधिक अँटेना असलेल्या राउटरबाबत विशेष सावध राहावे. २००९ मध्ये मान्य झालेल्या ८०२.११एन या मानकापासून वाय-फाय एकाच वेळी अनेक अँटेनांवरून वेगवेगळे प्रवाह पाठवते. त्यांपैकी एकच अँटेना बाहेर नेला आणि दुसरा घरात ठेवला, तर बाहेरच्या बाजूला एकच प्रवाह नीट पोहोचतो आणि वेग पडतो. दोन तोंडांचा असा पॅनेल घ्यावा, ज्यात एका अँटेनाचे ध्रुवण, म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा, उभे आणि दुसऱ्याचे आडवे असते. शिवाय एकाच तोंडातून २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही बाहेर पडत असतील, तर केवळ २.४ साठी बनवलेला अँटेना लावताच ५ चा पट्टा लंगडा होतो.

उघड्यावर अँटेना लावणार असाल तर विजेचा विचार टाळता येत नाही. केबल घरात शिरते तिथे लाइटनिंग अरेस्टर बसवून त्याचे अर्थिंग जाड तारेने जमिनीपर्यंत न्यावे. जवळपास वीज पडल्यावर तारेत उसळणारा दाब यामुळे बहुतांशी ओसरतो. थेट अँटेनावर पडलेल्या विजेपासून मात्र कोणतीही पेटी वाचवू शकत नाही, म्हणून इमारतीतला तो सर्वांत उंच बिंदू होऊ देऊ नये. बहुतेक देशांनी वाय-फायच्या विकिरणावर मर्यादा घातली आहे आणि ती बहुधा रेडिओची शक्ती अधिक अँटेनाचा गेन, वजा केबलचा तोटा, अशी मोजली जाते. युरोपात २.४ गिगाहर्ट्झला ती १०० मिलिवॉट आहे. मोठा अँटेना लावला की राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पाठवण्याची शक्ती तेवढी कमी करावी. शेजाऱ्यांच्या वाय-फायला होणारा त्रास त्यामुळे कमी होतो आणि ऐकण्यातला फायदा जसाच्या तसा राहतो.

शेवटचे काम दिशा लावण्याचे. मोबाइलमधल्या काड्यांवर विसंबू नये. सिग्नल डीबीएममध्ये, म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेतल्या डेसिबलमध्ये, दाखवणारे अॅप घ्यावे. उणे ६० च्या आसपासचा आकडा उत्तम, उणे ७० कामचलाऊ, उणे ८० म्हणजे जोडणी कधीही तुटेल. अँटेना बदलण्याआधी ज्या ज्या जागी वाय-फाय हवे तिथले आकडे लिहून ठेवावेत आणि नंतर त्याच जागांवर पुन्हा मोजावेत. भिंतींवरून उलटलेल्या लहरी एकमेकींत मिसळत असल्याने काही सेंटिमीटर सरकल्यावरही आकडा बराच बदलतो, म्हणून प्रत्येक जागी थोडे इकडेतिकडे फिरून सरासरी धरावी. दूरच्या इमारतीकडे झोत लावताना नुसती नजर पोहोचली म्हणून भागत नाही. १०० मीटरच्या वाटेत मध्यावर त्या सरळ रेषेभोवती सुमारे १ मीटर मोकळी जागा लागते, त्यात झाडाची फांदी आली तरी पावसाळ्यात ओल्या पानांनी सिग्नल घसरतो. अँटेना हळूहळू डावी-उजवीकडे आणि मग वर-खाली फिरवावा, प्रत्येक वेळी आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे, सर्वांत चांगल्या आकड्यावर क्लॅम्प आवळावा, आणि त्यानंतरच बाहेरच्या सांध्यांवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळत न्यावी, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर चढतो आणि पाणी आत न शिरता ओघळून जाते.