ब्लॉकेज म्हणजे नळातला क्षार नव्हे

शाहू स्मारकच्या या सभागृहात बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरी, कपाटात कुठेतरी अँजिओग्राफीची सीडी असेल. ती बघून आपण म्हणतो, ‘सत्तर टक्के ब्लॉकेज.’ जणू नळात क्षार साचलाय, खरवडला की झालं. मला आज या नळाच्या कल्पनेशीच भांडायचंय.

धमनीची भिंत जिवंत असते. रक्तात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं की त्याचे कण आतल्या नाजूक अस्तराखाली शिरतात, अडकतात, त्यांचं रूप बदलतं. मग अस्तराच्या पेशी रसायनं सोडून मदत मागवतात. इथेच दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, सुरू होतो. रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येऊन भिंतीत घुसतात आणि ते कोलेस्टेरॉल गिळत सुटतात. इतकं गिळतात की फेसाळ दिसू लागतात, आणि बऱ्याच तिथेच मरतात. कोलेस्टेरॉलचे स्फटिक या पेशींच्या आतली एक धोक्याची यंत्रणा चालू करतात, असं २०१० मध्ये दिसून आलं. ती यंत्रणा इंटरल्यूकिन-१ बीटा हा संदेश सोडते. त्यातून इंटरल्यूकिन-६ वाढतं, आणि ते यकृताला सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवायला लावतं. रिपोर्टमध्ये तुम्ही वाचता ते हेच सीआरपी.

खरा घात पुढे होतो. कोलेस्टेरॉल आणि मेलेल्या पेशींच्या या साठ्यावर कोलॅजन या चिवट प्रथिनाचं एक आवरण असतं. दाहातल्या पेशींची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, ते कुरतडतात, आणि टी-पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचा इंटरफेरॉन-गॅमा हा संदेश नवं कोलॅजन बनू देत नाही. आवरण फाटलं की रक्ताची गुठळी होते. अडथळा चाळीसच टक्के असला तरी हे होऊ शकतं. म्हणून तर रोज रंकाळ्याला फेऱ्या मारणारा माणूस अचानक कोसळतो आणि घरचे म्हणतात, ‘काल तर ठणठणीत होते की!’

दाहाचा हा संशय जर्मन डॉक्टर फिरखोने एकोणिसाव्या शतकातच मांडला होता. पुरावा मिळायला २०१७ उजाडलं. कॅन्टॉस चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांपैकी काहींना इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणारं इंजेक्शन दिलं. कोलेस्टेरॉल जागचं हललं नाही, तरी दर तीन महिन्यांना १५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, एकूण मृत्यू काही कमी झाले नाहीत. दाह कमी करणाऱ्या मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या औषधाने तर काहीच साधलं नाही. गाऊट या सांध्यांच्या दुखण्यावरचं जुनं, स्वस्त कोल्चिसिन २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत चमकलं. २०२४ च्या मोठ्या चाचणीत मात्र फिकं पडलं. तेव्हा ‘दाह’ ऐकून कुणी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, बंद करू नका. आग लावणारं एलडीएलच आहे, आणि स्टॅटिन एलडीएलबरोबर सीआरपीही उतरवतं.

आपल्याकडे दोष नेहमी तांबड्या-पांढऱ्याला आणि मिसळीच्या कटाला. विडी-सिगारेट अस्तराला थेट इजा करते, त्याबद्दल मात्र तेवढी ओरड नाही.

मघाशी चिठ्ठी आली : ‘सीआरपी तपासावी का?’ हृदयासाठी हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी ही वेगळी चाचणी आहे. सर्दी-ताप असताना करू नका, आकडा फुगतो. लिटरला दोन मिलिग्रॅमच्या वर आला तर पंधरा दिवसांनी पुन्हा करा. दहाच्या वर आला, तर हृदयाआधी जंतुसंसर्ग किंवा दुसरा दाह कुठे आहे ते शोधायला सांगा.