वर्गात गप्प झालेल्या मुलापासून सुरुवात

(साताऱ्यात भावी शिक्षकांसमोर एका विद्यार्थी-शिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय, गुरुजन आणि सहाध्यायी मित्रमैत्रिणींनो,

शिक्षकाच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेलेल्या उमेदवाराला ‘शिक्षक का व्हायचे आहे?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि ‘मला मुले आवडतात’ किंवा ‘समाजाचे ऋण फेडायचे आहे’ अशी उत्तरेही हमखास मिळतात. ती उत्तरे मनापासून दिलेली असतात. परंतु तो उमेदवार सोमवारी सकाळी सहावीच्या वर्गात गेल्यावर काय करील, हे त्यांवरून कळत नाही. म्हणून माझे कारण मी जमेल तेवढे नेमके सांगते. मला पाचवी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवायचे आहे, कारण याच वयात काही मुले गणिताच्या तासाला गप्प होतात आणि ती गप्प झाल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही. ती फळ्यावरचे सगळे उतरवून घेतात, वही नीटनेटकी ठेवतात, दंगा करत नाहीत, त्यामुळे त्यांच्याविषयी तक्रार येत नाही आणि चौकशीही होत नाही. अशा मुलाला नेमके कुठपर्यंत समजले आहे आणि कुठून पुढे समजेनासे झाले, हे शोधून त्या जागेपासून त्याच्याबरोबर पुन्हा सुरुवात करणे, हे काम मला करायचे आहे.

आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव करण्याच्या, काळात सातारा तालुक्यातील एका शाळेत सहावीचा वर्ग माझ्याकडे होता. 0.5 आणि 0.45 यांपैकी मोठी संख्या कोणती, या प्रश्नाला बऱ्याच मुलांनी 0.45 असे उत्तर लिहिले. चूक म्हणून तांबडी रेघ मारून पुढे जाता आले असते. पण एका मुलीला जवळ बसवून ‘हे तू कसे ठरवलेस?’ असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, पंचेचाळीस पाचापरास मोठंच की.’ तिच्या बोलण्यात निष्काळजीपणा नव्हता. पूर्ण संख्यांचा जो नियम तिला चार वर्षे बरोबर उत्तरे देत आला होता, तोच तिने दशांश चिन्हाच्या पुढेही चालवला होता. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश लिहिणारा मुलगा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवत असतो. 52 मधून 27 वजा करून 35 लिहिणारा मुलगा प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत असतो. या तिन्ही चुकांना स्वतःचा असा नियम आहे, आणि तो नियम मुलाच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्याला काय शिकवायचे हे शिक्षकाला ठरवता येत नाही. ‘अभ्यास कर’ या सल्ल्याने त्या मुलीचे काहीच भले झाले नसते. तिने तोच नियम आणखी दहा उदाहरणांवर चालवला असता.

इथे आपल्या व्यवसायातील एका सोयीबद्दलही बोलले पाहिजे. दशांश अपूर्णांक शिकवताना आपण रुपये-पैशांचे उदाहरण घेतो. परंतु आजच्या सहावीतल्या मुलाने पन्नास पैशांचे नाणे क्वचितच हाताळलेले असते. त्याऐवजी शिंप्याकडे असतो तसला मोजपट्टीचा टेप त्या मुलीच्या हातात दिला आणि 0.5 मीटर व 0.45 मीटर या दोन्ही लांबी तिलाच मोजायला सांगितल्या. एकीकडे 50 सेंटिमीटर आणि दुसरीकडे 45 सेंटिमीटर समोर आल्यावर तिने आपले उत्तर आपणहून खोडले, आणि मग ‘पाच दशांश’ आणि ‘चार दशांश, पाच शतांश’ ही भाषा तिला शिकवता आली. क्रम असा हवा, असे माझे मत आहे: आधी अनुभव, मग नाव, मग नियम. आपल्याकडे तो अनेकदा उलटा चालतो.

यावर असे म्हटले जाते की एवढा वेळ कुणाकडे आहे, अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. ही अडचण खरीच आहे. शाळाबाह्य कामांचा बोजाही खरा आहे. तरीही बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009, जो 1 एप्रिल 2010 पासून अमलात आहे, त्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यांत दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी लिहिलेल्या आहेत: अभ्यासक्रम ठरलेल्या वेळेत पूर्ण करणे, आणि प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता जोखून गरजेप्रमाणे त्याला जादा अध्यापन करणे. मागे राहिलेल्या मुलाला मदत करणे हा शिक्षकाचा चांगुलपणा आहे, असे आपण समजतो. कायदा ते त्याचे काम समजतो.

ते काम मी कसे करीन, तेही सांगते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे नवा धडा न घेता प्रत्येक मुलाला स्थानिक किंमत, हातच्याची वजाबाकी, भागाकार आणि अपूर्णांक यांची थोडी उदाहरणे देईन. त्यांवर गुण देणार नाही, फक्त रीत विचारीन आणि एका वहीत प्रत्येकाच्या नावापुढे ती टिपून ठेवीन. फळ्याजवळ बोलावून सर्वांसमोर उभे करण्याची पद्धत मी पहिल्या सत्रात तरी वापरणार नाही. जे मूल आधीच घाबरलेले आहे, ते तिथे उदाहरण सोडवत नाही, तिथून लवकर सुटण्याचा विचार करते. ‘ढ’ हा शब्द वर्गात मुलांच्या तोंडीही येऊ देणार नाही.

जादा तास शाळा सुटल्यावर घ्यावेत, असा सर्वसाधारण प्रघात आहे. परंतु जावळी, पाटण या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून माध्यमिक शाळेत येणाऱ्या मुलींचा विचार करा. त्यांना एसटीचा मोफत पास मिळतो, ही मोठी गोष्ट आहे; पण पास असला तरी संध्याकाळची गाडी चुकली तर पुढे डोंगरातली पायवाट उरते, आणि एकदा अंधार पडल्यावर मुलगी घरी पोहोचली की तिच्या शाळेविषयी घरात वेगळीच चर्चा सुरू होते. ज्या मुलीला मदतीची सर्वाधिक गरज, तिलाच शाळा सुटल्यानंतरचा तास परवडत नाही. म्हणून ही मदत शाळेच्या वेळेत, तासिकेच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बसवावी लागेल; तेवढ्या वेळात बाकीच्या वर्गाला स्वाध्याय देता येतो.

आपण साताऱ्यात बोलत आहोत, त्यामुळे विद्यार्थ्याला आधार देणे म्हणजे काय, याची दोन उदाहरणे डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. मला विशेष वाटते ते पुढच्या क्रमाचे. संस्थेने 1935 साली शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज काढले आणि ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावरचे महाराजा सयाजीराव हायस्कूल त्यानंतर, 1940 साली. खेड्यातल्या मुलाला समजून घेणारा शिक्षक आधी तयार व्हायला हवा, असा अर्थ मी त्यातून घेते.

दुसरे उदाहरण वेदना देणारे आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेतल्या दिवसांविषयी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, बसायचे गोणपाट घरून आणावे लागे, आणि नळ सोडायला शिपाई नसला तर पाण्यावाचून राहावे लागे. वर्ग भरत होता, धडे होत होते, आणि एक मुलगा तहानलेला बसून होता. आज तो नळ सर्वांना मोकळा आहे, तरी बाकावर कोण कुणाशेजारी बसते, पोषण आहाराच्या पंगतीत कोण कडेला सरकते, हे पाहणे शिक्षकाने सोडता कामा नये. मी बसण्याची जागा दर आठवड्याला बदलणार आहे आणि त्याचे कारण मुलांना सांगत बसणार नाही.

आर्थिक आधाराविषयी थोडेच बोलते. आठवीतील मुलांसाठी असलेल्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत जी मुले निवडली जातात, त्यांना नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. पण हुशारीइतकेच तिथे कागदही लागतात: उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते. ज्या घरात यातले काही माहीत नाही, तिथे ते सांगायला शिक्षकानेच जावे लागते.

शेवटचा मुद्दा वर्गशिक्षक बदलण्याचा आहे. आपल्या जिल्ह्यात उसाच्या हंगामात बीडकडून आलेल्या तोडणी कामगारांची मुले वर्षाच्या मध्येच वर्गात येतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचे गाळप संपले, की निघून जातात. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत दाखल होण्यासाठी जे शिक्षण हमी पत्र दिले जाते, त्यामुळे त्यांचा प्रवेश मार्गी लागू शकतो. परंतु मुलाला काय येते, हे नव्या शिक्षकाला पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागते. आपल्या कायम विद्यार्थ्यांचेही दर जूनमध्ये हेच होते. गुणपत्रकात ‘ब-2’ ही श्रेणी असते, पण हा मुलगा भागाकारात मधले शून्य गाळतो, हे त्यावर कुठेच नसते. म्हणून माझ्या वहीतले प्रत्येक मुलाचे पान मी एप्रिलमध्ये पुढच्या वर्गशिक्षकाच्या हाती देणार आहे, आणि हंगाम संपल्यावर गावी परतणाऱ्या मुलाच्या दप्तरात त्याची प्रत ठेवणार आहे. आपल्यापैकी जे येत्या जूनमध्ये शाळेवर रुजू होतील, त्यांनी पहिल्याच दिवशी मागच्या शिक्षकांकडे असे पान मागावे, अशी माझी विनंती आहे.