लाल कल्ले पुरेसे नाहीत

नमस्कार श्रोतेहो.

मासा घेताना आपण काय बघतो? कल्ला उचलून आतला लाल रंग, डोळ्यांतली चमक, बोटाने दाबलेलं मांस पुन्हा वर येतं का ते. शेवटी वास. या परीक्षेत मासा ताजा की शिळा तेवढं कळतं. त्याने जन्मभर काय खाल्लं, ते मात्र नाकालाही कळत नाही आणि डोळ्यालाही नाही.

पीसीबी नावाचं एक तेलकट रसायन ट्रान्सफॉर्मरमध्ये भरत असत. ते सहजी पेटत नाही, वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून तर ते वापरायचे. पुढे हा टिकाऊपणाच नडला. पीसीबीसारखी रसायनं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत मात्र मुरून बसतात. प्लवकात, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत, कणभर, ते खाणाऱ्या लहान माशात त्याहून जास्त, त्याला गिळणाऱ्या मोठ्यात आणखी. सावकारी व्याजासारखी ही वाढ चालते. साखळीच्या टोकाला असलेल्या सील-देवमाशांत तर ती पाण्याच्या लाखो पटींनी साचतात.

१९८०च्या दशकात कॅनडातल्या क्युबेकमध्ये एरिक देवाई हे संशोधक आईच्या दुधातलं पीसीबी तपासत होते. तुलनेसाठी निर्मळ नमुना हवा, म्हणून त्यांनी पार उत्तरेकडच्या नुनाविकमधल्या इनुइट या मूलनिवासी समाजातल्या बायकांचं दूध तपासायला घेतलं. निघालं भलतंच! दक्षिणेतल्या बायकांच्या जवळपास पाचपट पीसीबी. झालं होतं असं, की ही रसायनं उष्ण भागात वाफ होऊन उडतात, वाऱ्याबरोबर सरकत जातात आणि थंडीत खाली उतरतात. आणि इनुइटांचं पिढीजात अन्न म्हणजे सील आणि बेलुगा देवमाशाची चरबी. ज्यांनी ही रसायनं कधी बनवली नाहीत, त्यांच्याच ताटात ती येऊन पडली. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय हाच.

आता स्वयंपाकघरातलं थोडं. पीसीबी चरबीत असतं, म्हणून सुरीचा उपयोग होतो. साल काढा. पोटाकडची मऊ, चरबीची पट्टी काढा, बाजूने मधोमध जाणारी काळपट रेषाही खरवडून टाका. मासा जाळीवर भाजला तर गळणारी चरबी गळू द्या, ती रश्शात घेऊ नका. एवढ्याने सगळं जात नाही, पण बरंच कमी होतं.

पाऱ्यापुढे मात्र सुरी हरते. माशांत साचणारं पाऱ्याचं रूप म्हणजे मिथिल पारा. तो चरबीत नव्हे, थेट मांसात बसतो. कापा, धुवा, शिजवा, तो तिथेच. तिथे उपाय एकच, मासा निवडणं. शार्क, तलवार मासा, मोठा ट्यूना हे दीर्घायुषी शिकारी टाळावेत, तारलीसारखे लहान, कमी आयुष्याचे मासे खावेत. मासे सोडूनच द्या असं मी म्हणत नाहीये. बाळाच्या मेंदूला लागणारे स्निग्ध घटक त्यांत असतात.

गर्भवतीला आपण पथ्य सांगतो. पाऱ्यासाठी ते चालतं, कारण सुमारे पन्नास दिवसांत शरीरातला निम्मा पारा निघून जातो. पीसीबीसारखंच चरबीत साचणारं दुसरं विषारी रसायन म्हणजे डायॉक्सिन, त्याला मात्र निम्मं व्हायला सात ते अकरा वर्षं लागतात. म्हणजे बाळाला जे मिळणार, ते आईने शाळकरी वयापासून साठवलेलं असतं. नऊ महिन्यांच्या पथ्याने तिथे फारसं साधत नाही. म्हणून सावधगिरी मुलींच्या लहानपणापासूनच हवी. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवरच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी तर २००८ साली पायलट व्हेल या देवमाशाचं मांस माणसाने खाण्याजोगं राहिलेलं नाही, असं सरकारला कळवलं. पिढ्यान्‌पिढ्या तेच खाणाऱ्या माणसांना हे सांगणं सोपं नव्हतं.

पीसीबीसारख्या रसायनांना आळा घालणारा स्टॉकहोम करार २००१ साली झाला. बऱ्याच देशांनी त्याआधीच पीसीबी बनवणं बंद केलं होतं. नुनाविकमधल्या गर्भवतींच्या रक्तातलं पीसीबी १९९२ नंतर चांगलंच उतरलं आहे. आणि ते अजून भरपूर होतं, तेव्हाही तिथल्या डॉक्टरांनी आयांना सांगितलं होतं, बाळाला अंगावर पाजत राहा.