मान हलवणारे मूल

ही खोली नीट पाहून घ्या. समोर एक लांब टेबल, त्यामागे मोठी माणसे आणि अलीकडे खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेला एक मुलगा. त्याच्यावरचा आरोप वाचून दाखवला जातो, ‘समजले का?’ असे विचारले जाते आणि तो मान हलवतो. पुढच्या प्रश्नालाही तो तशीच मान हलवतो. ‘जबाब देताना तुझ्यावर कोणी दडपण आणले का?’ या प्रश्नावर हललेली मान होकाराची की नकाराची, हे शेवटी नोंद लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. मुलांच्या प्रकरणांत काम करणाऱ्यांना ही मान चांगली ओळखीची असते. मोठ्यांनी भरलेल्या खोलीतून एकदाचे सुटावे म्हणून मूल कशालाही हो म्हणते आणि त्या होकारावर त्याची पुढची कित्येक वर्षे ठरून जातात.

कायदा मोडणाऱ्या मुलाला मोठ्या गुन्हेगारांच्याच तुरुंगात डांबायचे, ही रीत जगात फार काळ चालली. तिला पहिला मोठा छेद गेला तो १८९९ साली अमेरिकेतील शिकागो शहरात. ज्युलिया लॅथ्रॉप आणि ल्युसी फ्लॉवर यांच्यासारख्या स्त्रियांनी तुरुंगांत आणि अनाथालयांत जाऊन मुलांची दैना डोळ्यांनी पाहिली होती; त्यांच्या पाठपुराव्यातून इलिनॉय राज्याचा कायदा झाला आणि मुलांसाठीचे वेगळे न्यायालय सुरू झाले. राज्याने अशा मुलाचे पालक व्हावे, हा त्यामागचा विचार होता. पालक मुलाला शिक्षा ठोठावत नाही, त्याला वळण लावतो. म्हणून इथे वकील लागणार नाही, काटेकोर पुरावा लागणार नाही आणि न्यायाधीश वडीलधाऱ्यासारखे मुलाशी बोलतील, असे गृहीत धरले गेले. हेतू खरोखर चांगला होता, हे आजही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण त्या मायेच्या भरात मुलाचे स्वतःचे म्हणणे कोण मांडणार, हा प्रश्न राहूनच गेला.

तो राहून गेल्याची किंमत अॅरिझोना राज्यातील एका १५ वर्षांच्या मुलाने मोजली. जून १९६४ मध्ये शेजारच्या एका बाईंना फोनवर अश्लील बोलल्याच्या तक्रारीवरून पोलिसांनी त्याला उचलले. आईवडील दोघेही कामावर गेले होते आणि मुलाला नेल्याचा साधा निरोपही घरी ठेवला गेला नव्हता. आई संध्याकाळी परतली, तेव्हा मुलगा घरात नव्हता आणि त्याला अटक झाल्याचे तिला शोधाशोध केल्यावर कळले. पुढच्या आठवडाभरात दोन सुनावण्या झाल्या. तक्रारदार बाई एकदाही आल्या नाहीत, कोणाचीही साक्ष शपथेवर झाली नाही, काय बोलले गेले याचे टिपण कोणी ठेवले नाही आणि मुलाच्या बाजूने वकील तर नव्हताच. तो नेमके काय कबूल करून बसला, यावर नंतर खुद्द मोठ्यांचेच एकमत होईना. वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त सहा वर्षे, त्याने राज्याच्या सुधारशाळेत राहावे असा आदेश निघाला. हेच कृत्य एखाद्या प्रौढाने केले असते, तर त्याला फार तर ५० डॉलर दंड किंवा दोन महिन्यांपर्यंतचा तुरुंगवास झाला असता.

मुलाच्या आडनावावरून गॉल्ट खटला म्हणून ओळखले जाणारे हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६७ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, ज्याचे स्वातंत्र्य हिरावले जाऊ शकते, अशा मुलाला आपल्यावरील आरोप वेळेवर कळला पाहिजे, वकील मिळाला पाहिजे, साक्षीदाराची उलटतपासणी घेता आली पाहिजे आणि स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती त्याच्यावर होता कामा नये. मुलांच्या कबुलीजबाबाकडे विशेष सावधपणे पाहावे, असेही त्यात बजावले होते. सुरुवातीला आपण पाहिलेली ती मान इथे पहिल्यांदा गांभीर्याने घेतली गेली, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे मात्र लंबक वेगळ्याच दिशेला गेला. मुलाला मोठ्यासारखे हक्क मिळतात, तर शिक्षाही मोठ्यासारखीच हवी, असा युक्तिवाद जोर धरू लागला आणि अमेरिकेतील अनेक राज्यांनी मुलांचे खटले प्रौढांच्या न्यायालयात पाठवणे सोपे केले. १८ वर्षांखालील वयात केलेल्या गुन्ह्यासाठी मृत्युदंड देता येणार नाही, हे तिथे ठरायला २००५ साल उजाडावे लागले. हक्क हे काही समजूतदारपणाच्या मोबदल्यात दिले जात नाहीत. ज्याला स्वतःचा बचाव करता येत नाही, त्याला त्यांची गरज अधिक असते, ही साधी गोष्ट त्या युक्तिवादात नजरेआड झाली.

पौगंडावस्थेत आवेगाला आवर घालणारा मेंदूचा भाग अजून घडत असतो आणि ही घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. बरोबरीची मुले पाहत असली की या वयाची मुले अधिक धोका पत्करतात, हे प्रयोगांतून दिसले आहे. १९७२-७३ मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात जन्मलेल्या हजारभर मुलांचा माग वर्षानुवर्षे ठेवला गेला. त्या अभ्यासाच्या आधारे मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडले की, लहानपणापासून पुढे आयुष्यभर गुन्ह्यांत राहणारी मुले थोडी असतात. बहुतेकांचे कायदा मोडणे त्या काही वर्षांपुरते असते आणि वय वाढते तसे ते मागे पडते. मग ज्या वर्षांत मूल आपसूक या वाटेवरून परतण्याची शक्यता सर्वाधिक असते, नेमक्या त्याच वर्षांत त्याला शाळेपासून आणि घरापासून तोडावे का, हा विचार प्रत्येक आदेशापूर्वी व्हायला हवा.

भारताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याने ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा शब्द स्वीकारला. उच्चारायला तो जड आहे. तरी ‘बालगुन्हेगार’ हा शिक्का टाळण्यासाठी तो हवा, असे आम्हाला मनापासून वाटते. बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक स्त्री. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. मात्र सोळा ते अठरा वयातील मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याच्या मानसिक आणि शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यांकन करते आणि त्यानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकते, जिथे त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. घटना घडली त्या क्षणी या मुलाला परिणामांची कितपत समज होती, हे मागाहून त्याच्यासमोर बसून ठरवायचे असते. इतक्या अवघड निर्णयाला काही भेटी आणि एक छापील नमुना पुरेसा मानला जाऊ नये.

इथे पीडिताचा विसर पडणे हा दुसरा अन्याय ठरेल. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने मुलाचे कुटुंब, पीडित व्यक्ती आणि पोलीस यांची एकत्र बैठक सुरू केली. कुटुंबाला आपापसांत बोलायला वेगळा वेळ दिला जातो, भरपाई कशी करायची याची योजना त्यांनीच मांडायची असते आणि ज्याचे नुकसान झाले, त्याचे शब्द मुलाला समोरासमोर ऐकावे लागतात. या खोलीत नुसती मान हलवून भागत नाही.

कोठडी हा शेवटचा उपाय असावा आणि तोही कमीत कमी काळापुरता, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात लिहिले आहे. तरीही २०१९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अभ्यासानुसार दरवर्षी किमान ४,१०,००० मुले कच्च्या कैदेत किंवा तुरुंगांत ठेवली जातात. त्यांच्यासाठी १९९० मध्ये ठरलेल्या नियमांत एक छोटासा नियम आहे. बंदिस्त संस्थेत राहून मूल परीक्षा उत्तीर्ण झाले, तर त्याच्या प्रमाणपत्रावर तो त्या संस्थेत होता, असे सुचवणारे काहीही छापू नये. नोकरीसाठी रांगेत उभा असलेला तो तरुण ही घडी घातलेली प्रत उलगडून टेबलावर ठेवतो. पलीकडचा माणूस नाव, वर्ष आणि गुण वाचतो आणि पुढचा प्रश्न विचारतो.