पाय बघ, पाय! येऊरचे फसवे माशीमार

(दृश्य: ठाण्यातल्या उपवनकडून येऊरचा चढ चढणारी सकाळची बस. ओला रस्ता, दोन्ही बाजूंना कारवी.)

गणपती गावाला गेले, की येऊरला पाहुणे पक्षी यायला लागतात. पहिला मान बहुधा करड्या धोब्याचा. ओढ्यातल्या दगडावर शेपटी वरखाली करत तो हजर होतो आणि त्याला ओळखायला पुस्तक उघडावं लागत नाही. खरी परीक्षा सुरू होते सप्टेंबर संपता संपता. ऐनाच्या आतल्या फांदीवर चिमणीहून लहान, मातकट रंगाचा एक पक्षी बसलेला असतो. झेप घेतो, हवेतच काहीतरी टिपतो, परत फांदीवर. माशीमार! इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. कोणता माशीमार, यावर मात खाली उपवनला चहा संपेपर्यंत वाद चालतो.

(दृश्य: टेकडीवरून दिसणारं ठाणे. उंच इमारती, मागे खाडीची रेघ.)

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. सगळं उद्यान धरलं तर साधारण 104 चौरस किलोमीटरचं जंगल, आणि त्याला तिन्ही-चारी बाजूंनी शहर भिडलेलं. पाऊस सरताना इथे किड्यांची चंगळ असते. छोटे पक्षी प्रवास करतात तो मुख्यतः रात्री. तेव्हा हवा गार आणि शांत असते, शिकारी पक्ष्यांची भीती कमी असते, आणि दिवस पोट भरायला मोकळा राहतो. घोडबंदर रोडवर आपण ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असतो, तेव्हा डोक्यावरून कोण कोण जात असतं याचा पत्ताही नसतो. पहाटे त्यांना खाली हिरवा तुकडा दिसतो आणि ते उतरतात. काल भरलेलं झाड आज रिकामं सापडतं ते यामुळेच.

उतरणाऱ्यांत तीन तऱ्हा असतात. काही हिवाळाभर इथेच राहतात. काहींना पुढे, दक्षिणेच्या सह्याद्रीत किंवा थेट श्रीलंकेत जायचं असतं. आणि काही तर चक्क आफ्रिकेच्या वाटेवर असतात. डिसेंबरात येऊरला मातकट माशीमार दिसला, तर तो बहुतेक वेळा एशियन ब्राऊन जातीचाच. ऑक्टोबरात तेवढ्यावर भागत नाही. त्याच फांदीवर चार मातकट जातींपैकी कुणीही बसलेला असू शकतो.

(दृश्य: फांदीवर ताठ बसलेला एशियन ब्राऊन. कॅमेरा हळूहळू चेहऱ्याजवळ.)

आधी घरचा हिशेब पक्का करू. हा एशियन ब्राऊन. डोळा बघा, चेहऱ्याच्या मानाने केवढा मोठा! भोवती फिकट कडं, डोळा आणि चोच यांच्यामधली जागाही फिकट. चोच मुळाशी रुंद, खालचा भाग मुळाकडे पिवळसर आणि टोकाकडे काळपट. पाय काळे. बसणं ताठ, बहुधा उघड्या काटकीवर, आणि झेप घेऊन परत यायची जागा बऱ्याचदा तीच. हा पक्षी कंटाळा येईपर्यंत बघायचा. दहा जणांनी ‘हा काय, नेहमीचाच’ म्हटलं तरी बघायचा. बाकीचे तिघे याच्याशी ताडून बघूनच कळतात.

आता फसगत कुठे होते ते सांगतो. पुस्तकातलं चित्र असतं पूर्ण वाढलेल्या, टवटवीत पिसांच्या पक्ष्याचं. ऑक्टोबरात आपल्यासमोर येणाऱ्यांत कितीतरी पक्षी याच वर्षी जन्मलेले असतात. त्यांच्या पंखांवर फिकट कडा असतात, कधी त्यांची एक पट्टीच दिसते, आणि ‘वेगळी जात, वेगळी जात’ म्हणून आपण हरखतो. त्यात पावसानंतरचं जंगल. पानांतून गाळून आलेल्या उजेडात करडा हिरवट दिसतो, तपकिरी तांबूस दिसतो. कॅमेरा आणखी आपल्या मनाचे रंग भरतो. म्हणून या दिवसांत रंग शेवटी विचारात घ्यायचा. आधी बसण्याची जागा आणि ढब, मग शेपटी, चोच, पाय.

(दृश्य: बांबूच्या बेटाखालची सावली. दोन पक्षीनिरीक्षक, आवाज दबका.)

“दादा, ब्राऊन-ब्रेस्टेड!”
“कशावरून?”
“छाती बघा ना, तपकिरी आहे.”
“छाती राहू दे. पाय बघ, पाय!”

चौघांतला दुसरा हा ब्राऊन-ब्रेस्टेड. पाय दिसणं म्हणजे नशिबाचा भाग, कारण हा पक्षी बसतो सावलीत, खालच्या फांद्यांवर, गप्प. पण दिसले तर प्रश्न मिटतो. एशियन ब्राऊनचे पाय काळे, ब्राऊन-ब्रेस्टेडचे फिकट, मांसल रंगाचे. चोचीचा खालचा अर्धा भाग टोकापर्यंत फिकट पिवळा. गळा पांढरट, त्याखाली तपकिरी छाती, शेपटीकडे तांबूस झाक. ईशान्य भारत आणि दक्षिण चीनच्या बाजूला याचं घर, हिवाळा काढायचा दक्षिणेच्या सह्याद्रीत आणि श्रीलंकेत. शास्त्रीय नावातला ‘मुत्तुई’ आला आहे मुत्तू या माणसावरून. एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेत एडगर लेयार्ड पक्षी गोळा करत होते, त्यांच्याकडे हा मुत्तू कामाला होता. पक्ष्यांच्या नावांत साहेबांची इतकी गर्दी आहे, की एखादा नोकर सापडला की बरं वाटतं.

तिसरा रस्टी-टेल्ड. पश्चिम हिमालय आणि मध्य आशियातल्या डोंगरांत वीण, हिवाळ्याला नैऋत्य भारत. नावाप्रमाणे शेपटी आणि तिच्या वरचा भाग तांबूस. चेहरा मात्र अगदी कोरा, डोळ्याभोवतीचं कडं असून नसल्यासारखं. खालून सगळा एकसारखा, मळकट. शास्त्रज्ञांनाही याने दमवलं आहे. आधी मस्कीकापा वंशात (जवळच्या जातींच्या गटात) होता, नंतर त्याची रवानगी फिसेडुला वंशात झाली.

आणि चौथा स्पॉटेड, आफ्रिकेचा प्रवासी. पश्चिम भारतातून सप्टेंबर-ऑक्टोबरात जातो, आणि आपल्याकडे दिसला तर दिवस सार्थकी लागला समजायचं. कपाळावर आणि छातीवर बारीक रेघा, पंख लांब, अंगकाठी एशियन ब्राऊनहून मोठी. मोठ्या डोळ्याचा भाबडा चेहरा याच्याकडे नाही.

(दृश्य: पानांआड हलणारी शेपटी. आवाज: कोरडी, लांबलेली किरकिर.)

ऐकलंत? जुन्या घड्याळाला चावी दिल्यासारखा आवाज. हा रेड-ब्रेस्टेड, हिवाळ्यातला आपला नेहमीचा गडी. पूर्व युरोपापासून पश्चिम आशियापर्यंत वीण करतो आणि थंडीसाठी भारतीय उपखंडात येतो. नाव रेड-ब्रेस्टेड, पण दिसणाऱ्यांत बहुतेकांच्या गळ्यावर लाल ठिपकासुद्धा नसतो. माद्या असतात, आणि पहिल्या वर्षाचे नरही हुबेहूब माद्यांसारखेच. तेव्हा लाल शोधत बसू नका. शेपटी बघा. तो ती सारखी वर उचलतो, आणि उचलली की काळ्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिगळ चमकतात. मातकट चौकडीतल्या कुणाकडेही हे पांढरं नाही.

इथे एक जुळा भाऊ घोळ घालतो. टायगा माशीमार उरल पर्वताच्या पूर्वेला, सैबेरियात वीण करतो आणि हिवाळ्यात मुख्यतः पूर्व भारतात आणि आग्नेय आशियात जातो. पूर्वी दोघांना एकच जात मानत. त्याच्याही शेपटीला तेच पांढरे ठिगळ. फरक आहे शेपटीच्या मुळावर, पाठीकडून झाकणाऱ्या पिसांत. टायगामध्ये ती कुळकुळीत काळी, शेपटीहूनही गडद. रेड-ब्रेस्टेडमध्ये ती तपकिरी-करडी, शेपटीहून गडद कधीच नाही. टायगाची चोच सगळी काळी, रेड-ब्रेस्टेडची खालून मुळाशी फिकट. किरकिर टायगाची जास्त जलद. प्रौढ नर समोर आला तर काम आणखी सोपं: रेड-ब्रेस्टेडचा केशरी रंग गळ्यावरून छातीत उतरतो आणि वर्षभर टिकतो. टायगाचा गळ्यापुरताच, खाली करडा पट्टा, आणि वीण संपली की तोही उतरतो. आपल्या बाजूला टायगाची नोंद करायची असेल, तर शेपटीच्या मुळाचा स्वच्छ फोटो हवाच. ‘मला काळी वाटली’ हा पुरावा नव्हे.

(दृश्य: निळ्या माशीमारांची झटपट मालिका.)

निळ्यांचा गोंधळ कमी. टिकेल्स ब्लू बारा महिने इथला. नराचा गळा आणि छाती केशरी, पोट पांढरं. गळाही निळा आणि केशरी त्याखालून सुरू होत असेल, तर ब्लू-थ्रोटेड नर. शेंड्यावर उघड्यावर बसलेला, आकाशी-हिरवट निळा, डोळ्यापुढे काळा डाग असलेला व्हर्डिटर. पाठ आणि छातीच्या दोन्ही बाजू गडद निळ्या, मधोमध पांढरं, तो अल्ट्रामरीन नर. माद्यांबद्दल वेगळी फिल्म करावी लागेल.

जाता जाता एक गंमत. स्वर्गीय नर्तकाला इंग्रजीत फ्लायकॅचर म्हणतात, पण तो या कुळातला नाही. अंगणात गाणारा आपला दयाळ मात्र आहे.

(दृश्य: पानांत सतत हलणारा हिरवट पक्षी. फोकस चुकतो, पुन्हा चुकतो.)

बसून वाट बघत नाही, पानोपानी सारखा हलत राहतो, तो माशीमार नसून वटवट्या. इथे डोळ्यांचं फारसं चालत नाही, कान लागतो. आंब्याच्या शेंड्यातून दोन अक्षरी ‘च्ची-वी’ आलं तर ग्रीनिश. झुडपाच्या पोटातून ‘चॅक, चॅक’ आलं तर ब्लाइथ्स रीड. मोबाईलमधलं ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं, चांगलंच सुचवतं. पण गप्प बसलेल्या ब्राऊन-ब्रेस्टेडपुढे तेही गप्प.

वहीत ‘माशीमार, जात नक्की नाही’ असं लिहायला लाजू नका. पाय दिसले नाहीत, शेपटी दिसली नाही, मग नाव कुठून येणार? आमच्या मते ओढूनताणून लिहिलेल्या दुर्मीळ नावापेक्षा अशी नोंद लाख पटीने कामाची, कारण पुढे कुणी या नोंदींवरून कोणता पक्षी कधी गेला हे शोधायला बसेल, तेव्हा खोटं नाव त्यालाही चकवेल.

(दृश्य: पाटोणापाड्याकडची पायवाट, कोवळं ऊन.)

दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. रेड-ब्रेस्टेड तोवर आपापला टापू धरून बसलेले असतात, आरामात दिसतात. पण रस्टी-टेल्ड किंवा स्पॉटेडसाठी नोव्हेंबरची वाट बघून चालणार नाही. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य, रात्री पाऊस पडून सकाळी उघडलेला दिवस, आणि जमलं तर आठवड्यातला मधला वार. रविवारी नऊनंतर येऊरच्या रस्त्यावर गाड्यांची अशी रांग लागते, की शेजारच्या झाडावरची किरकिरही ऐकू येत नाही.